सासूबाईंचा उजवा डोळा

माझी रांगोळी वाकडी असते असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला नुसता राग आला. माझ्या स्वयंपाकात, चालण्यात, माहेरात काढलेली खोट मी ऐकून घ्यायची. लग्न झाल्यापासून ते अंगवळणी पडलं होतं. पण रांगोळीची रेघ मी दोरी धरल्यासारखी सरळ ओढायची, आणि हे कल्याणातली आमची सगळी आळी कबूल करायची. त्या सकाळी उंबऱ्यापुढे साधी चौकट काढली होती. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मधेच पोक कसलं काढलंयस? पूस आणि परत काढ." मी पुसून परत काढली. "परत तेच," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी काढलीच नाही. रांगोळीचा डबा उचलून आत गेले आणि सगळा राग भाकरीच्या पिठावर काढला.

पुढे काही दिवसांनी त्यांना माजघराच्या दाराची चौकट वाकलेली दिसली. सुतार आला, त्याने ओळंबा लावून बघितला आणि चौकट सरळ आहे म्हणाला. सासूबाईंनी त्याला खोटारडा ठरवून वाटेला लावलं. मला मनातून बरंच वाटलं, माझ्या जोडीला आता सुतारही आला म्हणून. मग तुळशीवृंदावनाचा काठ वाकला, मग भिंतीवरची फळी. एका पावसाळ्यानंतर घरात इतक्या वस्तू एकदम वाकत नाहीत, हे माझ्यासारख्या नाकावर राग असलेल्या बाईच्याही ध्यानात आलं.

तांदूळ निवडायला बसल्या की त्या पदर डाव्या डोळ्यावर ओढून घ्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, कुसळ गेलंय. ते कुसळ दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत डोळ्यातच होतं. एकदा त्या त्रिफळ्याच्या पाण्याने उजवा डोळा धूत होत्या आणि मी पंचा घेऊन समोर उभी होते. त्यांचा डावा डोळा उघडा होता आणि माझ्याकडेच लागलेला होता.

"कोण ते?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग तोंड कशाला झाकून घेतलंयस?"

माझं तोंड उघडं होतं. पदर डोक्यावरून घेतला होता तेवढाच. मी झाकलं नसल्याचं सांगितलं, आणि तेवढ्यावरूनच त्यांनी ओळखलं. त्या पाटावर बसल्या. माझ्या हातून पंचा घेऊन त्यांनी तोंड पुसलं आणि मग अगदी हिशेबी आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच झालं होतं, तिच्या आईचंही. आधी सरळ वस्तू वाकल्या, मग माणसांची तोंडं गेली. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. घरात कुणाला बोलायचं नाही."

"आणि उजवा?"

"उजवा ठीक आहे. उजव्यावरच तर सगळं चाललंय. एक नातवंड डोळ्यांनी नीट बघितलं की माझं काही म्हणणं नाही."

मला तेव्हा पाचवा महिना होता. आधी दोन मुलं झाली होती आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली होती. दोघांनाही सासूबाईंनी पाहिलं होतं ते बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीतच. त्यांच्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

पौष लागला आणि सासूबाईंनी आदित्यवाराचं व्रत धरलं. पौषातले रविवार सूर्याचे. त्या दिवशी उपास, पूजा, अर्घ्य, हे तेव्हा पुष्कळ घरांतून असे. त्यात नवल नव्हतं. पण सासूबाईंच्या माहेरची रीत निराळी होती. तांब्याच्या तांब्यातून पाण्याची धार सोडायची, आणि धार संपेपर्यंत नजर सूर्यावर ठेवायची. पापणी लवली की धार वाया गेली, पुन्हा तांब्या भरायचा. पहिल्या रविवारी एक धार, पुढच्या प्रत्येक रविवारी एक वाढवायची. सूर्य हा डोळ्यांचा देव आणि आयुष्याचाही. व्रत त्यांनी धरलं होतं ते माझ्या पोटातल्या मुलाच्या आयुष्यासाठी. स्वतःच्या डोळ्यांसाठी त्यांनी काही मागितलं नव्हतं, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं.

त्यांचं माहेर खाडीकाठचं. तिथे पूर्वेला नुसतं पाणी आणि खाजण. सूर्य उगवायचा तो लाल, परातीएवढा, आणि त्याच्याकडे लहान मूलही बघू शकायचं. आमच्या अंगणात तसं नव्हतं. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी घरावर मजला चढवला होता. त्यांच्या कौलांवरून सूर्य डोकावायचा तेव्हा उन्हाने आळीच्या टोकाच्या विहिरीचा काठ तापायला लागलेला असायचा. सासूबाई न्हाऊन, ओलेत्याने थंडीत कुडकुडत त्याची वाट बघत उभ्या राहायच्या. तो कौलांवर आला की तांब्या उचलायच्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्याकडे डोळे ताणून बघायच्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहायचं. मला तिकडे तोंडही करवत नसे.

पहिल्या रविवारी त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "सगळं निळं दिसतंय," आणि हसल्या. दुसऱ्या रविवारी पहिल्याच धारेला पापणी लवली. तांब्या पुन्हा भरला गेला. पुन्हा लवली. किती वेळा भरला ते मी बघत बसले नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आत आल्यावर त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि हाताने चाचपून निरांजन शोधायला लागल्या. निरांजन त्यांच्या पुढ्यातच होतं. दुपारी फराळाच्या पानातली वाटी त्यांना सापडत नव्हती. संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणाल्या.

आमच्या काळी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि तोंडावर 'तुम्ही' म्हणायचीही चोरी. मी 'इकडे' आणि 'इकडून' करतच बोलायची, आणि इतरांपुढे 'आमची स्वारी' म्हणायची. त्या दिवशी पान देताना मी सांगून टाकलं, की सासूबाईंचा एक डोळा गेलाय आणि दुसरा त्या रविवारच्या रविवार घालवतायत, इकडे काही करायचं मनात आहे का. मामलेदार कचेरीत दिवसभर लोकांवर हुकूम सोडणारा हा माणूस पानाला चुना लावता लावता थांबला. आईच्या व्रतात पडायची छाती त्यांना नव्हती. मामंजी शेतीच्या कामाला खडवलीला गेलेले. "बाजारात तो सुई घालून मोतीबिंदू पाडणारा आलाय म्हणतात," एवढंच म्हणणं झालं. मी म्हटलं, त्याची सुई त्याच्याजवळच असू दे, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मोठा डॉक्टर आहे. आवाज जरा चढला असावा, कारण ओटीवरून सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय?"

त्या यायला तयार झाल्या त्या एका अटीवर. परपुरुष डोळ्यात बघणार तेव्हा मी शेजारी बसायचं. म्हणून तशा अवस्थेत मीही निघाले. आगगाडीत स्वारी पुरुषांच्या डब्यात बसली, बायकांच्या डब्यात आम्ही दोघीच होतो. सासूबाई खिडकीशी बसल्या. गाडी चालू झाल्यावर त्यांनी पदराने उजवा डोळा झाकला आणि बाहेर पाहिलं.

"तारेचे खांब आहेत ना इथे?"

"आहेत की. हे काय, एकामागून एक चाललेत."

"मला नुसत्या तारा दिसतात. अधांतरी." मग त्यांनी पदर डाव्या डोळ्यावर घेतला आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. खाडी आली, गेली. मला धीर धरवेना.

"उजव्याने दिसतायत ना खांब?"

"दिसतायत," त्या म्हणाल्या. "पण आज जरा कमरेत वाकल्यासारखे आहेत."

त्यानंतर ठाणं येईपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता, आणि माझ्या आठवणीत तोवर त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

डॉक्टर आपल्यातलाच होता, मुंबईला शिकून आलेला, आमच्या स्वारीहून वयाने लहान. त्याने खोली अंधारी केली, दिवा सासूबाईंच्या कानामागे ठेवला आणि मधे भोक असलेला लहानसा आरसा स्वतःच्या डोळ्याला लावून त्यांच्या डोळ्यात बघितलं. सासूबाई दगडासारख्या बसल्या होत्या. मग त्याने खिडकी उघडली आणि प्रश्न विचारायला लागला. वय किती? साठीच्या पुढे. तंबाखू? मशेरी, सकाळी, दुपारी आणि निजताना. चुलीपुढे किती वर्षं? यावर सासूबाईंना हसू आलं. "हे काय विचारणं झालं," त्या म्हणाल्या, "आठव्या वर्षी लग्न झालं, तेव्हापासून चुलीपुढेच आहे." तुमच्या आईचे डोळे कसे होते? सासूबाई पदर सारखा करायला लागल्या. मी म्हटलं, "शेवटी दिसत नव्हतं." आणि त्यांनी आड यायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, रविवारचं, धारेचं, कौलांवरच्या उन्हाचं.

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोतीबिंदू असता तर मी काढला असता," तो म्हणाला. "हे आतल्या पडद्याचं दुखणं आहे. वयाने होतं, काही घराण्यांत उतरत येतं. त्यात तंबाखू, धूर, ऊन यांनी भर पडते. डाव्याचं माझ्या हातात काही नाही. उजव्याला आता कुठे सुरुवात आहे. तो जपा. सूर्याकडे पुन्हा एकदाही बघू नका."

"जपला तर राहील?" मी विचारलं.

"राहीलच असं मी सांगत नाही. नाही जपला तर जाईल, हे सांगतो."

मला त्याचा राग आला. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं का, असं वाटलं. पण आता म्हातारपणी विचार करते तर त्याच्याइतकं सरळ बोलणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मशेरीची डबी माझ्या देखत परसात उपडी केली. चुलीपुढचा पाटही मला दिला, आणि ओटीवर बसून माझ्या आमटीला नावं ठेवायला लागल्या. मला वाटलं, सुटले. शनिवारी संध्याकाळी मी बघते तर तांब्याचा तांब्या चिंचेने घासून लखलखीत करून त्यांनी पालथा घातला होता.

"डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं. मशेरी सोडली, धूर सोडला. देव सोडायला तो काही डॉक्टर सांगू शकत नाही."

"देव सोडा कोण म्हणतंय? पाणी घाला, डोळे मिटून घाला."

"मग ते व्रत कसलं? माझ्या आईने केलं, तिच्या आईने केलं."

"आणि दोघींना शेवटी हाताला धरून न्यावं लागलं," मी म्हटलं.

सुनेने सासूला असं बोलायचं नसतं. सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. त्या माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "अर्ध्यावर व्रत मोडलं आणि याला काही झालं तर कोण जबाबदार? तू?"

रात्रभर मी कूस बदलत राहिले. व्रताने मूल वाचतं की नाही हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण दोन मुलं गेलेली बाई अशा गोष्टी हसण्यावारी नेत नाही. पोटात हालचाल झाली की वाटायचं, असू दे, करू देत त्यांना. लगेच त्यांचं निरांजन चाचपणं डोळ्यापुढे यायचं. स्वारी पलीकडे घोरत होती, आणि त्या घोरण्याचाही मला भयंकर राग येत होता.

सकाळी सासूबाई न्हाऊन अंगणात उभ्या राहिल्या. भरलेला तांब्या हातात, आणखी दोन कट्ट्यावर. शेजारच्या कौलांची कड उजळायला लागली होती. आमची स्वारी ओटीवर येऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली. कौलावर पहिलं ऊन चमकलं तसा सासूबाईंनी तांब्या उचलला आणि मान वर केली. मी पायरी उतरले, अंगणातून गेले आणि त्यांच्या समोर, सूर्याकडे पाठ करून उभी राहिले. मी त्यांच्याहून चांगली वीतभर उंच होते. माझी सावली त्यांच्या तोंडावर पडली.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या.

"नाही होणार."

"अगं, वेळ चाललीय. बाजूला हो म्हणते ना."

त्या डावीकडे सरकल्या, मीही सरकले. उजवीकडे सरकल्या, तिकडेही मी गेले. पोट सांभाळत असं इकडेतिकडे होताना आळीतल्या कोणी पाहिलं असतं तर आम्हा दोघींना वेड लागलंय म्हणालं असतं. ओटीवरून "अहो आई, ती म्हणते तर" एवढं ऐकू आलं आणि पुढचं वाक्य स्वारीने गिळलं.

"याला काही झालं तर?" सासूबाई म्हणाल्या. "तिसरंही गेलं तर?"

"तर ते माझ्या डोक्यावर. तुमच्या नाही आणि देवाच्याही नाही. मी मोडलं, मी भोगीन. पण माझ्या मुलापायी तुमचा डोळा मी जाऊ देणार नाही."

माझ्या पाठीला ऊन लागत होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण मंत्र होता की मला शिव्या होत्या ते कळलं नाही. मग त्यांनी तांब्या कलता केला. पाण्याची धार माझ्या पावलांवर पडायला लागली. पौषातलं ते पाणी बर्फासारखं गार होतं. धार संपेपर्यंत त्यांनी नजर माझ्या तोंडावरून हलवली नाही आणि पापणीही लवू दिली नाही. मग दुसरा तांब्या उचलला, मग तिसरा. मी जागची हलले नाही. तिसरा रिकामा झाल्यावर त्या पाठ फिरवून आत गेल्या.

पुढच्या रविवारीही मी तशीच उभी राहिले, आणि त्यांनीही तसंच केलं. त्याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. खरं तर कशाबद्दलच झाला नाही. त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, "दूध वर आलं" किंवा "दार लाव". मी दिवस ढकलत होते. पोटातलं थोडा वेळ शांत राहिलं की माझा जीव टांगणीला लागायचा. मी कुशीवर व्हायची, पाणी प्यायची, पोटावर हलकेच थापटायची. हललं की तेवढ्यापुरता श्वास यायचा. आपण फार मोठ्या तोंडाने बोललो, असं रोज वाटायचं.

चैत्रात मुलगी झाली. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण कल्याणातच झालं. सुईणीने ती रडल्याचं सांगितलं, मीही ऐकलं, पण मला आनंद झाला नाही. आधीची दोन्हीही रडली होती. सासूबाई खोलीत आल्या नाहीत. डिंक, खारीक, शेक, सगळं वेळच्या वेळी यायचं, पण उंबऱ्यापर्यंत. बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी त्यांनी धरली आणि तोंड दुसरीकडे वळवून हलवली. आळीतल्या बायकांना वाटलं, मुलगी झाली म्हणून रुसल्या. मला ते वाटलं नाही. आधीच्या दोघांच्या वेळी त्यांनी पहिल्या दिवशी दृष्ट काढली होती, गाल कुरवाळले होते. ह्या वेळी त्यांना जीव लावायचीच भीती वाटत होती, आणि मलाही वाटत होती.

पहिलं गेलं होतं तो दिवस आला आणि गेला. दुसरं गेलं होतं तोही गेला. महिना उलटला. त्यानंतर एका सकाळी मी पोरीला पाजून खाली ठेवली, तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि काही न बोलता तिला उचलून घेऊन गेल्या. मी उठून मागे गेले. त्या परसदारी, उन्हाच्या कडेला पण सावलीत, पायरीवर बसल्या होत्या. पोरगी मांडीवर. पदराने डावा डोळा झाकलेला. त्या इतक्या जवळून बघत होत्या की त्यांचं नाक तिच्या नाकाला लागत होतं.

मी दारात खांब धरून उभी होते. दिसतंय का, एवढंच विचारायचं होतं.

"नाक तुझं आहे," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आता त्याला इलाज नाही."

मला रडू फुटलं. आयुष्यात त्यांनी माझी इतकी नालस्ती केली, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळी माफ करायला तयार होते. त्यांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. बोटाने त्या मुलीच्या कानाजवळची लव बाजूला करत होत्या.

"हे बघितलंस?"

मी खाली बसले. कान सुरू होतो तिथे, गालाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं एक छिद्र होतं. महिनाभर मी तिला न्हाऊमाखू घालत होते, माझे डोळे तरुण होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"काय आहे ते?"

"काही नाही. जन्मतःच असतं कुणाकुणाला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या आईला होतं. अगदी याच जागी."

त्यांनी तिची लव पुन्हा सारखी केली, दुपटं कानावरून ओढून घेतलं आणि तिला माझ्या हातात दिलं. मग पहिल्यांदाच, पौषापासून पहिल्यांदाच, माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "हिला चुलीपुढे बसवू नकोस."